पांच महिने आणि एक पेला दूध
(मुलांच्या बाहुल्यांच्या खेळानंतर झालेलें भाषण)



पिनोकिओ या लांकडी बाहुल्याच्या कथेचा शेवटचा भाग आपल्या मुलांनीं आतांच करून दाखविला. खेळ पाहून मुलें खूप हंसलीं. परंतु त्यांतील एक गोष्ट आपण वडील माणसांनींहि घरीं घेऊन जावी, अशी माझी विनंती आहे.

ही कथा इटलींतील फ्लॉरेन्स शहरच्या कार्लो लोरेंझिनी यांची. त्यांनीं आपल्या मातेच्या गांवाचें ‘कोलोडी’ हें नांव टोपणनांव म्हणून घेतलें होतें. १८८१ च्या जुलैपासून मुलांच्या एका साप्ताहिकांत ही कथा क्रमशः येऊं लागली व १८८३ मध्यें तिचें पुस्तक झालें.

दुसऱ्याच्या तंत्रानें वागणाऱ्यास आपण ‘कळसूत्री बाहुलें’ म्हणतों. पिनोकिओला मात्र दोऱ्याच नाहींत. तो आपल्या पायांनीं चालतो, आपल्या तोंडानें बोलतो. शाळेंत जाईन, बापाचें ऐकेन, असें वचन तो वारंवार देतो आणि वारंवार मोडतो. त्याच्यापाशीं संकल्प विपुल आहेत. उणीव आहे ती आस्थेची. एकदां भुकेनें व्याकुळ होऊन तो भीक मागत असतां कोळशाच्या गाड्या ओढणारा एक मनुष्य त्याला म्हणतो कीं, गाडी ओढूं लाग, पैसे देतों. तेव्हां हा ताठ्यानें उत्तर करितो कीं, गाडी ओढायला मी कांहीं गाढव नव्हे! पुढें जेथें शाळा नाहीं, पुस्तक नाहीं, गुरुजी नाहींत, अशा खेळण्यांच्या नगरांत त्याचे पांच महिने गेले. आणि एका सकाळीं त्याच्या डोक्यावर खरोखरच गाढवाचे कान उगवले.

आतां शेवटचा भाग आठवा. प्रचंड माशाच्या पोटांतून सोडवून आणलेला वृद्ध बाप जेपेत्तो झोपडींत गवतावर पडला आहे. त्याला एक पेला दूध हवें, आणि जवळ एक पैहि नाहीं. मळेकरी म्हणतो, रहाट फिरवून शंभर बादल्या पाणी काढ, म्हणजे एक पेला देईन. पिनोकिओ घामानें निथळून गेला, पण त्यानें दूध मिळविलें. पूर्वीं तो रहाट फिरविणारा गाढव त्याच मळ्यांत मरणोन्मुख पडला होता. तो कोण? खेळण्यांच्या नगरांतला त्याचाच जिवलग सोबती! त्या दिवसापासून पांच महिन्यांहून अधिक काळ पिनोकिओ रोज पहांटेपूर्वीं उठून रहाटाला लागे, टोपल्या विणी, आणि रात्रीं वाचन व लेखन करी.

बंधुभगिनींनो, दोन्हीं ठिकाणीं महिने पांचच. काळ तितकाच, एकांत मुलाचा गाढव झाला आणि दुसऱ्यांत लांकडाचा मनुष्य झाला. आणि ध्यानांत घ्या, पिनोकिओला आधीं उत्साह आला व मग त्यानें काम केलें, असें घडलें नाहीं. आधीं बाप आजारी होता, मग रहाट फिरला, आणि उत्साह मागाहून आला.

आपल्या धर्मशिक्षणांत सात प्रमुख पापांत आळसाची गणना होते. हा आळस केवळ हातापायांचा नव्हे. संत थॉमस अक्वायनस यांनीं त्याला आत्मिक हिताविषयीं वाटणारा विषाद म्हटलें आहे. ‘मला काय त्याचें?’ हें त्याचें घरगुती रूप. असें बोलणाऱ्या मुलाला आपण रागावतों, उपदेश करितों, त्याच्याकडून वचनें घेतों. पिनोकिओलाहि उपदेशाची वाण कधीं पडली नव्हती! त्यापेक्षां त्याच्या हातीं कोणासाठीं तरी एक पेला दूध द्या. आजीचें औषध आणणें, शेजारच्या आंधळ्या म्हाताऱ्याला वर्तमानपत्र वाचून दाखविणें, धाकट्या बहिणीला शाळेंत पोंचविणें, असें एखादें लहान काम त्याचें स्वतःचें असूं द्या. तें रोजचें असावें, आणि त्यानें तें टाळलें तर खरोखर कोणाचें तरी अडावें.

वसईच्या वाड्यांत रहाट चालतांना ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना ठाऊक आहे कीं, एका पोहऱ्यानें बाग भिजत नाहीं. पण पहिला पोहरा वर आल्यावांचून दुसराहि येत नाहीं.

कथेच्या शेवटीं जिवंत मुलगा झालेला पिनोकिओ खुर्चीला टेकून पडलेलें आपलें जुनें लांकडी शरीर पाहतो. मुलांनो, उद्यां सकाळीं आपल्यालाहि तसें पाहतां यावें, म्हणून आज रात्रींच ठरवा: माझा पेला कोणासाठीं?