प्रवासाचं क्रेडिट कार्ड: आधी व्याज, मग पॉइंट

हिंगणा एमआयडीसीतून सुट्टीसाठी गावी निघालेली कितीतरी कुटुंबं लोकमान्य नगरला मेट्रोत बसून थेट नागपूर रेल्वे स्थानक गाठतात. अशांच्या कामाचं कार्ड विमानाचं नव्हे, रेल्वेचं.

आयआरसीटीसी आणि एसबीआय कार्डच्या संयुक्त कार्डावर एसी तिकिटाच्या भाड्याचे 10 टक्क्यांपर्यंत पॉइंट मिळतात. ते पुढच्या तिकिटासाठी वापरता येतात. मात्र तिकीट आयआरसीटीसीच्याच संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढायचं. आणि नेहमी स्लीपरनं जाणाऱ्यांनी वार्षिक शुल्क भरण्याआधी नीट विचार करावा.

आता खरा हिशेब ऐका. समजा, 20,000 रुपयांचं बिल महिनाभर थकलं. दरमहा साडेतीन टक्क्यांनी व्याज 700 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी 126. वर्षभराचे पॉइंट एका फटक्यात गेले! 'किमान रक्कम' भरूनही व्याज सुटत नाही. उलट नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून लागतं. म्हणून बिल पूर्णच भरा.

कार्ड नको झालं, तर थकबाकी फेडून बंद करण्याचा अर्ज द्या. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार ते 7 कामकाजाच्या दिवसांत बंद व्हायला हवं. उशीर झाल्यास दररोज 500 रुपये तुम्हाला मिळायला हवेत.