सत्यधर्माचा उगम



जोतीराव फुल्यांचा सत्यधर्म म्हणजे पाद्र्यांचा उसना माल, असे आम्ही पुष्कळदा ऐकतो. जोतीराव मिशनच्या शाळेत शिकले, हे खरे. पण १८४७ साली त्यांनी वाचला टॉमस पेन, आणि हा गृहस्थ तर बायबलावरच तुटून पडलेला! ईश्वर आहे, पण त्याने लिहिलेला ग्रंथ एकही नाही, असे पेनचे मत. जोतीरावांचा ‘निर्मिक’ याच्या जवळचा.

तरी नुसत्या पुस्तकातून धर्म निघत नाही. लग्न, बारसे, तेरावे, दर वेळी दक्षिणा. तिच्यापायी कर्जात बुडणारा कुणबी त्यांनी पाहिला होता. २४ सप्टेंबर १८७३ ला पुण्यात सत्यशोधक समाज निघाला आणि वर्ष सरायच्या आत भटजीवाचून लग्नही लागले. पुढे पक्षाघाताने उजवा हात गेला, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म’ लिहिला. तो १८९१ साली, त्यांच्या पश्चात छापला गेला. त्यात एकाच घरात बौद्ध आई, ख्रिस्ती बाप, मुसलमान मुलगी आणि सत्यधर्मी मुलगा गोडीने नांदतात. असे घर कोणत्या पाद्र्याने शिकवले असते?

आम्ही युनियनची माणसे हे का सांगतो? मुंबईच्या गिरण्यांत १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. तिच्यासाठी झगडलेले नारायण मेघाजी लोखंडे याच समाजाचे.