लोकप्रतिनिधींचं प्रगतिपुस्तक कसं वाचावं



निवडणूक जवळ आली की आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो फिरायला लागतात. अमुक उमेदवार गणपतीच्या आरतीला आले होते, तमुक उमेदवार दिवाळीला कुर्ता घालून आले होते, आपल्या लोकांचे मोठे मित्र आहेत. फोटो खरे असतात. पण आरतीला आलेला माणूस वॉशिंग्टनला गेल्यावर काय करतो, ते फोटोत दिसत नाही. ते कुठे दिसतं आणि कसं वाचायचं, हा आजचा विषय आहे. त्यासाठी मी उदाहरण घेणार आहे आर्मेनियन समाजाचं, कारण या कामाचा त्यांच्याइतका सराव अमेरिकेत फार थोड्या समाजांना आहे.

आधी थोडी ओळख. १९१५ पासून ऑटोमन साम्राज्यात आर्मेनियन लोकांची कत्तल आणि हद्दपारी झाली. मृतांचा आकडा बहुतेक इतिहासकार सहा लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगतात. वाचलेल्यांची पोरंबाळं जगभर पांगली. इथे अमेरिकेत ग्लेन्डेल, फ्रेस्नो, बॉस्टनजवळचं वॉटरटाउन ही त्यांची जुनी ठिकाणं. अमेरिकेच्या लोकसंख्येत त्यांचं प्रमाण अर्धा टक्काही नाही. त्यांची एक मुख्य मागणी होती, की जे झालं त्याला अमेरिकेने अधिकृतपणे वंशसंहार म्हणावं. तुर्कस्तानला हा शब्द मान्य नाही, आणि तुर्कस्तान १९५२ पासून नाटोमधला अमेरिकेचा मित्र. म्हणजे मूठभर लोक एका बाजूला आणि हवाई तळ, लष्करी करार दुसऱ्या बाजूला.

या मूठभर लोकांनी एक काम नेमाने केलं. आर्मेनियन नॅशनल कमिटी ऑफ अमेरिका ही त्यांची संस्था प्रतिनिधिगृहातल्या सदस्यांना आणि सिनेटरांना शाळेसारखे ग्रेड देते, ए प्लसपासून एफपर्यंत. ग्रेड कशावर ठरतो? मत कसं दिलं हे तर आहेच. शिवाय ठरावाला को-स्पॉन्सर म्हणून नाव दिलं का, समाजाच्या प्रश्नावर पाठवलेल्या पत्रांवर सही केली का, आर्मेनियन कॉकसमध्ये आहेत का, हेही बघतात. हा कॉकस १९९५ मध्ये ज्यांनी सुरू केला त्यात न्यू जर्सीचे फ्रँक पॅलोन होते. एडिसनमधल्या श्रोत्यांना हे नाव ओळखीचं असेल. १९९३ मध्ये इंडिया कॉकस सुरू करणाऱ्यांतही तेच होते.

आता तुम्ही विचाराल, एवढ्या खटाटोपाची गरज काय? मत कसं दिलं तेवढं बघितलं की झालं. इथेच खरी गोम आहे. काँग्रेसमधली बहुतेक विधेयकं आणि ठराव मतदानापर्यंत पोहोचतच नाहीत. त्यामुळे फक्त मतदान बघणाऱ्याला बहुतेक गोष्टी दिसतच नाहीत.

२००७ चं उदाहरण घ्या. वंशसंहाराच्या ठरावाला प्रतिनिधिगृहात दोनशेहून जास्त को-स्पॉन्सर होते. १० ऑक्टोबरला परराष्ट्र समितीने तो २७ विरुद्ध २१ मतांनी मंजूर केला. मग चक्रं फिरली. तुर्कस्तानने आपला राजदूत सल्लामसलतीसाठी माघारी बोलावला. इराकमधल्या सैन्याची रसद तुर्कस्तानातून जात होती. बुश सरकार विरोधात होतं, आठ माजी परराष्ट्रमंत्र्यांनी विरोधाचं पत्र लिहिलं होतं. एकेक को-स्पॉन्सर नाव मागे घेऊ लागला, आणि महिना संपायच्या आत ठराव मांडणाऱ्यांनीच तो पुढे ढकलायची विनंती केली. सभागृहात मतदान झालंच नाही. म्हणजे मतदानाच्या नोंदीत कुणीही विरोधात नाही. पण ज्यांनी को-स्पॉन्सरांची यादी तारखांसकट जपली होती, त्यांना कळलं की कोण वाऱ्याबरोबर फिरलं आणि कोण जागेवर उभं राहिलं.

बारा वर्षांनी, २९ ऑक्टोबर २०१९ ला, तशाच आशयाचा ठराव ४०५ विरुद्ध ११ मतांनी मंजूर झाला. इतिहासात काही नवं घडलं नव्हतं. घडलं होतं ते सीरियात. त्याच महिन्यात तुर्कस्तानने उत्तर सीरियात फौजा घातल्या होत्या आणि वॉशिंग्टनमध्ये त्याचा राग होता. त्यामुळे त्या ४०५ मध्ये वर्षानुवर्षं किंमत मोजून साथ देणारेही आहेत आणि त्या दिवशी हो म्हणणं सोपं होतं म्हणून हो म्हणणारेही आहेत. एका मतावरून दोघे वेगळे काढता येत नाहीत. जुनी नोंद असेल तरच येतात.

सिनेटमध्ये आणखी एक गंमत झाली. तिथे हा ठराव एकमताने, म्हणजे कुणाची हरकत नसेल तर मंजूर, या पद्धतीने मांडला गेला. या पद्धतीत एक जण उठून हरकत घेतो आणि काम थांबतं. १३ नोव्हेंबरला लिंडसे ग्रॅम यांनी हरकत घेतली. त्याच दिवशी एर्दोगान व्हाइट हाउसमध्ये आले होते. पुढच्या वेळी डेव्हिड पर्ड्यू यांनी, त्यानंतर केव्हिन क्रेमर यांनी हरकत घेतली. १२ डिसेंबरला कुणीच उठलं नाही आणि ठराव मंजूर झाला. शंभर सिनेटर, पण हो किंवा नाही असं मत एकाचंही नोंदलेलं नाही. मात्र कोणत्या तारखेला कोण हरकत घ्यायला उठलं, हे कामकाजाच्या अधिकृत इतिवृत्तात छापलेलं आहे. कुठे बघायचं हे माहीत हवं, एवढंच.

माझा व्यवसाय आयटी कन्सल्टिंगचा. आमच्याकडे प्रोजेक्टच्या डॅशबोर्डला गमतीने कलिंगड म्हणतात. बाहेरून सगळं हिरवंगार, कापलं की आत लाल. ग्रेड देणाऱ्या कुठल्याही पद्धतीत हा धोका असतो. जे मोजायला सोपं ते आपण मोजतो, आणि समोरचा तेवढंच नीट करून दाखवतो.

आर्मेनियन समाजाला याचा चटका बसला. १९९२ च्या एका कायद्यातलं कलम ९०७ म्हणतं, की अझरबैजान आर्मेनिया आणि नागोर्नो-काराबाखची नाकेबंदी उठवत नाही तोवर त्याच्या सरकारला अमेरिकेची थेट मदत नाही. ९/११ नंतर राष्ट्राध्यक्षांना हे कलम बाजूला ठेवण्याची सवलत मिळाली, आणि २००२ पासून बुश, ओबामा, ट्रम्प, बायडेन या सगळ्यांनी ती वापरली. २०२१ मध्ये बायडेन यांनी २४ एप्रिलला वंशसंहार हा शब्द उच्चारला. समाजाला केवढा आनंद झाला! त्याच वर्षी त्यांनी कलम ९०७ ची सवलतही पुन्हा दिली. शब्दाला पैसे पडत नव्हते, कलम पाळायला पडत होते.

पुढे डिसेंबर २०२२ पासून लाचिनचा रस्ता अडवला गेला. सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने हल्ला केला, आणि काही दिवसांत एक लाखाहून जास्त लोक घरदार सोडून आर्मेनियात गेले. काराबाख जवळपास रिकामं झालं. नोव्हेंबरमध्ये सिनेटने ही सवलत काही काळ थांबवणारं विधेयक एकमताने मंजूर केलं. प्रतिनिधिगृहात ते मतदानाला आलंच नाही. ४०५ मतांचं कौतुक ज्या सभागृहाच्या नावावर आहे, तेच हे सभागृह. म्हणून माझं सांगणं असं, की ठरावावरचं मत आणि पैशावरचं किंवा कायद्यावरचं मत एका रकान्यात मांडू नका. दोन रकाने करा आणि दुसऱ्याला जास्त वजन द्या.

ग्रेडची आणखी एक मर्यादा. तो एका प्रश्नापुरता असतो. सिनेटमधला तो २०१९ चा ठराव मांडणारे आणि वर्षानुवर्षं लावून धरणारे होते आपल्या न्यू जर्सीचे बॉब मेनेन्डेझ. आर्मेनियन प्रश्नावर त्यांच्या नोंदीत खोट काढायला जागा नाही. २०२४ मध्ये ज्युरीने त्यांना लाचखोरीच्या खटल्यात दोषी ठरवलं आणि त्यांनी राजीनामा दिला. गणितात पैकीच्या पैकी मिळाले म्हणजे वर्तणुकीचा दाखला मिळत नाही. प्रगतिपुस्तक वाचायचं, पण माणूस ओळखायला तेवढंच पुरत नाही.

आता आपल्याकडे वळू. आपल्यातल्या कितीतरी घरांत ग्रीन कार्डची रांग हा जेवणाच्या टेबलावरचा विषय आहे. नोकरीवर आधारित ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १,४०,००० आणि एका देशाला सात टक्क्यांची मर्यादा. मूल एकवीस वर्षांचं झालं की आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडतं, ही धास्ती वेगळी. १० जुलै २०१९ ला प्रतिनिधिगृहाने ही मर्यादा उठवणारं विधेयक ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर केलं. २ डिसेंबर २०२० ला सिनेटने स्वतःचं, बदल केलेलं विधेयक एकमताने मंजूर केलं. दोन्ही सभागृहांनी हो म्हटलं, पण मसुदे वेगळे होते. ते जुळवायच्या आत जानेवारीत त्या काँग्रेसची मुदत संपली आणि दोन्ही विधेयकं बाद झाली. आज तुमच्या काँग्रेसमनच्या नावापुढे तिथे "हो" लिहिलेलं असेल. पण त्या डिसेंबरात, मसुदे जुळवायची वेळ होती तेव्हा, त्यांनी काय केलं? हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी विचारला?

विचारायला काय लागतं ते सांगतो. काँग्रेस डॉट गव्ह ही सरकारी साइट फुकट आहे. विधेयकाचा क्रमांक टाका. को-स्पॉन्सरच्या पानावर प्रत्येक नावापुढे तारीख असते, आणि नाव मागे घेतलं असेल तर त्याचीही. अ‍ॅक्शन्सच्या पानावर विधेयक कोणत्या समितीत कधी गेलं आणि कुठे अडकलं ते दिसतं. प्रतिनिधिगृहातल्या मतदानाची यादी तिथेच सापडते. तिच्यात हो आणि नाही याशिवाय दोन रकाने आहेत: हजर पण तटस्थ, आणि मतच दिलं नाही. तेही वाचा. २०१९ मध्ये आर्मेनियन ठरावावर तिघे जण तटस्थ राहिले होते, आणि समाजाने त्यांनाही कारण विचारलं.

मग दहा जणांची एक साधी स्प्रेडशीट करा. आपल्या आयटीवाल्यांना हे सांगायला नको. प्रतिनिधीचं नाव, विधेयक, केव्हा नाव दिलं, केव्हा काढलं, मत, आणि ऑफिसला फोन केल्यावर मिळालेलं उत्तर तारखेसह. नागरिक नसलात तरी तुम्ही त्या मतदारसंघात राहता, फोन करायला तुम्हाला कुणी अडवत नाही. मत फक्त नागरिकाचं. निवडणुकीची देणगी ग्रीन कार्डवर देता येते, एच-वन-बीवर देता येत नाही, हे मात्र लक्षात ठेवा. आणि आपलं मंडळ धर्मादाय संस्था म्हणून नोंदलेलं असेल, तर अमक्याला निवडून द्या असं मंडळाच्या नावाने सांगता येत नाही. ही यादी मंडळाच्या लेटरहेडवर नको, घरातल्या घरात ठेवा.

शेवटचं एक. बेळगावचे श्री ठाणेदार २०२३ पासून मिशिगनमधून प्रतिनिधिगृहात आहेत. आपल्या भाषेतलं नाव त्या यादीत वाचून कुणालाही बरं वाटेल. वाटू द्या. पण आडनाव वाचून झालं की पुढचे रकानेही वाचा, जसे इतरांचे वाचाल तसेच. आर्मेनियन लोकांनी मित्रांचीही नोंद ठेवली, म्हणून त्यांना २००७ मध्ये कळलं की कोणते मित्र टिकले.

पुढच्या गणपतीला उमेदवार आले तर प्रसाद जरूर द्या, फोटोही काढा. आणि हळूच विधेयकाचा क्रमांक सांगून विचारा, साहेब, यावर तुमचं नाव कोणत्या तारखेपासून आहे?