"जेवलास काय?"

राधानगरीहून बोलतोय. आपल्या गावातला माझा एक मित्र जर्मनीत शिकतोय. फोनवर आई रोज विचारते, "जेवलास काय?" तो म्हणतो, "हो." विषय संपला. घरून नेलेला कांदा-लसूण मसाला तो चमचा-चमचा पुरवतोय, भाकरीऐवजी पाव खातोय, समोर मोबाइल लावून एकटाच जेवतोय, हे त्या 'हो'मधून आईला कसं कळणार?

आता जरा मागं जाऊ. १८७० साली कोल्हापूरचे राजाराम महाराज युरोपला गेले. वय अवघं २०. तिथं ते डायरी लिहायचे. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला इटलीत, फ्लॉरेन्समध्ये ते वारले. अंत्यसंस्कार आर्नो नदीकाठी, संगमावर झाले. तिथं त्यांचं स्मारक आजही आहे. डायरी १८७२ साली छापून आली. महाराज परतले नाहीत, पण त्यांचे तिथले दिवस आपल्याला आजही वाचता येतात.

म्हणून बाहेर राहणाऱ्यांनो, नुसत्या 'हो'वर थांबू नका. काय शिजवलं, काय करपलं, शेजाऱ्यानं काय खायला दिलं, सगळं सांगा. दोन मिनिटांचा व्हॉइस मेसेज पुरे. इकडं तो तीन-तीनदा ऐकतात.