लालबुंद पोलादाला टिचकी



उन्हाळा लागला की आपण माठ घ्यायला जातो आणि पैसे देण्याआधी त्याला एक टिचकी मारतो. खणखणीत वाजला तर घ्यायचा, बद्द वाजला तर परत ठेवायचा. आज मला ज्या वस्तूला टिचकी मारायची आहे, ती १,००० अंश सेल्सिअसला तापलेली आहे आणि माणूस धावतो त्यापेक्षा जोरात पळते आहे. बोट लावायची सोय नाही.

मी नोकरीला लागलो तो एका हॉट स्ट्रिप मिलमध्ये. भट्टीतून सव्वादोनशे मिलिमीटर जाडीची पोलादाची स्लॅब बाहेर आली की पंधरा पावलांवर उभं राहूनही भुवया करपतील असं वाटायचं. पाण्याचे फवारे तिच्यावरचं स्केल, म्हणजे ऑक्साइडचा थर, उडवायचे, रफिंगमध्ये ती चेपली जायची, मग फिनिशिंगच्या ओळीनं उभ्या स्टँडमधून, म्हणजे रोलांच्या जोड्यांमधून, धावता धावता तिचा तीन मिलिमीटरचा पत्रा व्हायचा आणि शेवटी त्याची कॉइल. कॉइल गार झाली की टोकाचा तुकडा कापून प्रयोगशाळेत. एकदा मी सूक्ष्मदर्शकाखालचे फोटो मोठ्या उत्साहानं फोरमनला दाखवायला घेऊन गेलो. त्यांनी ते हातातही घेतले नाहीत. "साहेब, हा पत्रा गार झाल्यावरचा. मला रोलमधे होता तेव्हाचा सांगा."

त्यांचं बरोबर होतं. शुद्ध लोखंडाची स्फटिकरचना ९१२ अंशांना बदलते. कार्बन मिसळलेल्या पोलादात तो बदल आणखी थोडा खाली होतो. लाटताना पोलाद ज्या अवस्थेत असतं तिला ऑस्टेनाइट म्हणतात, आणि पत्रा गार होईतो त्या अवस्थेचे कण, म्हणजे पोलाद ज्यांचं बनतं ते बारीक स्फटिक, नाहीसे झालेले असतात. त्यांच्या जागी नवेच कण आलेले असतात. पंचनाम्याला जावं आणि त्या जागेवर कुणीतरी नवं घर बांधून ठेवलेलं असावं, तशी गत. मूळ कणांच्या सीमा पाहायच्या तर तापलेला तुकडा झटकन पाण्यात विझवायचा, घासूनपुसून पिक्रिक आम्लानं कोरायचा आणि नशिबावर भरवसा ठेवायचा.

फोरमनना हवं काय होतं? पत्र्यात उरलेला 'स्ट्रेन', म्हणजे ओढल्या-चेपल्यानं आलेला आकारबदल. पाठ्यपुस्तकात याला 'विकृती' म्हणतात. हा शब्द वर्गात उच्चारला की मागच्या बाकावर खसखस पिकते, म्हणून मी सरळ स्ट्रेनच म्हणतो. स्ट्रेन दोन प्रकारचा. एक रबरासारखा, भार काढला की जाणारा. दुसरा कायमचा, लाटण्यानं आलेला. आधी या दुसऱ्याकडे बघू.

समोर बसलेल्या निम्म्या लोकांना हा विषय माझ्यापेक्षा जास्त कळतो. कणीक मळून लगेच पोळी लाटायला घेतली तर ती आखडते. अर्धा तास झाकून ठेवली की ऐकते. पोलादही मुरतं. दोन स्टँडच्या मधल्या विसाव्यात चेपलेल्या कणांच्या जागी नवे, स्ट्रेन नसलेले कण उगवतात. याला पुनर्स्फटिकीकरण म्हणतात. ११०० अंशांच्या आसपास हे सेकंदभरातही उरकतं. तापमान ९०० पर्यंत उतरलं आणि पोलादात ०.०३-०.०४ टक्के नायोबियम असलं, की काम रखडतं. तेलवायूच्या नळवाहिन्यांच्या पोलादात ते मुद्दाम रखडवतात: कण चपटे राहतात, स्ट्रेन साठत जातो, आणि गार होताना त्यातूनच अतिशय बारीक कण जन्माला येतात. असं पोलाद मजबूतही होतं आणि चिवटही. म्हणून प्रश्न असा, की पुढच्या स्टँडमध्ये शिरणारा पत्रा मुरलेला आहे की नाही?

आता टिचकीकडे. नेहमीच्या अल्ट्रासाउंडला धातूला टेकणारा प्रोब लागतो आणि मध्ये जेल किंवा पाणी. हजार अंशांवर जेलचं काय होणार ते सांगायला नको, आणि प्रोबमधलं नेहमीचं सिरॅमिक काहीशे अंशांवरच आपला गुण सोडतं. मार्ग आकाशातच आहे. वीज चमकते, तिच्या वाटेतली हवा क्षणात तापून फुगते आणि गडगडाट होतो. उष्णतेचा झटका म्हणजेच आवाज. टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलनं १८८० मध्ये भोकं पाडलेली फिरती चकती उन्हात धरली आणि तुटक-तुटक प्रकाश पडल्यावर पदार्थ वाजतात हे दाखवलं. मग लेझर आला. पृष्ठभाग क्षणभर तापवून घन पदार्थात लहरी कशा उठतात, याचा अभ्यास १९६३ मध्ये रिचर्ड व्हाइट यांनी प्रसिद्ध केला.

कारखान्यातला लेझर एका सेकंदाच्या दहा कोटी भागांपैकी एखादा भागच पेटतो. तेवढ्यात पृष्ठभागाचा, बहुधा स्केलचाच, अगदी पातळ थर वाफ होऊन उडतो आणि त्याचा उलटा धक्का पोलादात घुसतो. थंड पोलादात हा आवाज सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर पळतो. २५ मिलिमीटरच्या प्लेटमधून पलीकडे आपटून परत यायला त्याला साडेआठ मायक्रोसेकंद पुरतात. परत आला की पृष्ठभाग काही नॅनोमीटर हलतो. दुसऱ्या लेझरचा प्रकाश तिथे टाकलेला असतो, आणि तो परतताना आलेला सूक्ष्म बदल इंटरफेरोमीटर नावाचं उपकरण टिपतं. खडबडीत, थरथरणाऱ्या, स्वतःच उजेड टाकणाऱ्या पत्र्यावरून हे टिपायचं! टिचकी मारणं सोपं, ऐकणं अवघड. कॅनडात माँट्रियलजवळच्या बूशेरव्हिल इथे राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या संस्थेत झां-पिएर मोंशालँ यांच्या गटानं यात वर्षानुवर्षं घालवली. त्यातून या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ओहायोतल्या टिमकेन कंपनीच्या कारखान्यात सांधा नसलेल्या तप्त नळ्यांच्या भिंतीची जाडी चालू लाइनवर मोजली जाऊ लागली.

जाडीसाठी प्रतिध्वनी कधी आला एवढं पुरे. फोरमनच्या प्रश्नासाठी तो कसा आला ते बघावं लागतं. कणांच्या सीमांवर आवाज विखुरतो, आणि कण जितका मोठा तितका जास्त. ध्वनिलहरीच्या मानानं कण लहान असेपर्यंत विखुरणं कणाच्या व्यासाच्या घनात वाढतं: व्यास दुप्पट, विखुरणं आठपट. उंच स्वर आधी मरतात. म्हणून प्रतिध्वनीत कोणते स्वर किती उरले ते बारीक कणांच्या नमुन्याशी ताडून पाहायचं. कण एकाएकी बदलू लागले, तर नवे उगवताहेत, म्हणजे स्ट्रेन निघून चालला आहे. हा परिस्थितीजन्य पुरावा आहे, हे मान्य. साठलेला स्ट्रेन थेट कुणी पाहत नाही.

राहिला रबरी स्ट्रेन. धातू ओढला की आवाजाचा वेग बदलतो, पण किती? ओढीच्या दिशेनं जाणाऱ्या लहरीचा, १०० मेगापास्कलला साधारण हजारात एक भाग. आणि तापमान दहा अंशांनी चढलं तरी वेग जवळजवळ तेवढाच उतरतो. म्हणजे वेग घटला तर पत्रा ओढला गेला की नुसता तापला, हे त्या एका आकड्यावरून कळत नाही. कणांचा कल एका दिशेला झुकला तरी वेग हलतो, तो हिशेब वेगळाच. दुरून तापमान मोजणारा पायरोमीटर आहे की, असं कुणी म्हणेल. पायरोमीटर वरची कातडी बघतो. आवाज आरपार जाऊन येतो. आणि जाड प्लेटचा गाभा पृष्ठभागापेक्षा दहाच नव्हे, कितीतरी जास्त अंशांनी गरम असतो.

ते फोरमन आज समोर असते तर मी त्यांना कणाचा आकार सांगितला असता. ओढीचा आकडा मात्र मागू नका म्हटलं असतं, निदान गाभ्याचं तापमान हातात येईपर्यंत.