बोईसरच्या धुरापलीकडे

बोईसर म्हटलं की डोळ्यांपुढे येतात तारापूर एमआयडीसीतले कापडाचे आणि रसायनांचे कारखाने, नाहीतर १९६९ साली सुरू झालेलं अणुवीज केंद्र. इथे माणसं येतात ती कामाला, फिरायला क्वचितच. पण पालघरला उतरून सातपाटीचा रस्ता धरा. वाटेत शिरगाव लागतं. गावात समुद्रालगत पोर्तुगीज काळातला किल्ला आहे, तटबंदी अजून बरीच शाबूत. आत गेलात की बुरुजांआधी नजर जाते ती फांद्या फुटलेल्या ताडावर. ताड म्हणजे एकच सरळसोट खोड, पण हा झाडासारखा दुभंगत वर गेलेला! १७३९ च्या वसई मोहिमेत चिमाजी अप्पांच्या फौजेने हा पट्टा जिंकला. तारापूरच्या किल्ल्यावर तर घनघोर लढाई झाली. त्यात मराठा सरदार बाजी भिवराव रेठरेकर कामी आले. तिथे आज आत वाडी आहे, तेव्हा परवानगी विचारूनच पाऊल टाका.

पुढे सातपाटी, पापलेटचं गाव. हाच मासा २०२३ मध्ये राज्यमासा ठरला. केळव्याला सुरूची बनं, शीतलादेवीचं देऊळ आणि विड्याच्या पानांचे मळे. चिंचणीचा किनाराही ऐसपैस आहे.

माझ्या मते एका दिवसात सगळं उरकू नये; शिरगाव आणि केळवे पुरे. डहाणू लोकल पालघर, केळवे रोड आणि बोईसरला थांबते. आणि श्रोतेहो, भरतीची वेळ स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नका.