फोन आडवा झाला, फॉर्म कुठे गेला?

नशिराबादहून बोलतोय. आजचा विषय ऐकायला छोटा आहे: फोन उभ्याचा आडवा केला की ॲपच्या आत काय घडतं, आणि एका स्क्रीनवरून दुसऱ्या स्क्रीनवर जाताना ते कसं सांभाळायचं.

उदाहरण शेतातलंच घेऊ. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतः मोबाईलवर गट नंबर, पीक, क्षेत्र भरतो आणि पिकाचा फोटो जोडतो. त्या ॲपबद्दल माझी काही तक्रार नाही. पण समजा, असाच एक फॉर्म तुम्ही बनवताय. माणूस भर उन्हात कपाशीत उभा आहे. फोन उभा धरून त्याने सगळं भरलं, फोटोसाठी आडवा केला, परत आला तर सगळे रकाने कोरे! तो म्हणणार, “काय भो, परत पहिल्यापासून?” आणि ॲप काढून टाकणार.

हे का होतं? अँड्रॉइडमध्ये फोन फिरला की चालू ॲक्टिव्हिटी मोडली जाते आणि नव्याने बांधली जाते, कारण आडव्या स्क्रीनची मांडणी वेगळी असू शकते. तुम्ही साध्या व्हेरिएबलमध्ये ठेवलेलं सगळं जुन्या ॲक्टिव्हिटीबरोबरच जातं. आयफोनमध्ये असं होत नाही. तिथे स्क्रीन तीच राहते, फक्त तिचा आकार बदलतो.

बरेच जण यावर सोपा उपाय काढतात: ॲप उभंच लॉक करून टाका! पण कॅमेरा उघडल्यावर कमी रॅमच्या फोनमध्ये सिस्टीम मागचं ॲपच बंद करू शकते. मग लॉक असूनही फॉर्म गेला. शिवाय अँड्रॉइड १६ साठी बनवलेल्या ॲपचं हे लॉक ६०० डीपी किंवा त्याहून रुंद स्क्रीनवर, म्हणजे टॅबलेट, उघडलेला फोल्डेबल यांवर, सहसा मानलंच जात नाही. गेमना तेवढी सूट आहे.

म्हणून आधी एकच प्रश्न विचारा: माणसाने टाईप केलेलं कुठे राहतं? व्ह्यूमॉडेलमध्ये ठेवलं तर फोन फिरवला तरी टिकतं, पण ॲपच बंद पडलं तर जातं. त्यासाठी सेव्हडस्टेटहँडल, कंपोजमध्ये रिमेंबरसेव्हेबल. पण तिथे फक्त छोट्या गोष्टी ठेवा. फोटो फाईलमध्ये सेव्ह करा आणि इथे त्याचा पत्ता ठेवा. मोठा फॉर्म असेल तर सरळ डेटाबेसमध्ये मसुदा जपा.

आता एक स्क्रीन उभी आणि दुसरी आडवीच हवी असेल तर? अँड्रॉइडमध्ये एकाच ॲक्टिव्हिटीत सगळ्या स्क्रीन असतील, तर आडवेपणाची मागणी त्या स्क्रीनवर आल्यावर करा आणि तिथून निघताना आधीची सेटिंग परत लावा. नाहीतर पुढची यादीसुद्धा आडवीच दिसते. आयफोनमध्ये सिस्टीम विचारते सगळ्यात वरच्या कंटेनरला. नेव्हिगेशन कंट्रोलर आपल्या आतल्या स्क्रीनला आपोआप विचारत नाही. ते उत्तर तुम्हालाच पुढे पोचवावं लागतं.

तपासायचं कसं? डेव्हलपर ऑप्शन्समध्ये जाऊन ‘डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज’ चालू करा. अर्धा फॉर्म भरा, फोन फिरवा, कॅमेरा उघडा, परत या. सगळं जागेवर असेल तर पास. झाल्यावर ते बंद करायला विसरू नका.

आणि कोड न लिहिणाऱ्या मित्रांनो, ही परीक्षा तुम्हीही घेऊ शकता. ऑटो-रोटेट चालू करा, कुठल्याही ॲपमध्ये चार ओळी लिहा आणि फोन फिरवा. ओळी गायब झाल्या, तर चूक तुमच्या हाताची नाही, ॲपची आहे. बनवणाऱ्याला बिनधास्त कळवा.

भेटू पुढच्या भागात!